श्री साईनाथांची धुनी आणि उदी

देवदर्शन घेऊन गर्भगृहासमोरून परत फिरताना भक्ताच्या हाती काही तरी पडल्यावाचून त्याच्या मनाची तृप्ती होत नाही. कोठे तीर्थ मिळते, कोठे फूल, कोठे प्रसादाची पाकळी, तर कोठे चिमूटभर अंगारा. या सर्वांत अंगारा दिसावयास अगदी क्षुद्र. त्याला गंध नाही, रंग नाही, चव नाही. तरीही घरातील मूल तापाने फणफणले की वडीलधारी मंडळी देव्हाऱ्यातील अंगाऱ्याची पुडी शोधतात आणि देवाचे नाव घेऊन त्याच्या कपाळाला बोट लावतात. श्रीमंगेश, श्रीनागेश, श्रीसप्तकोटेश्वर या शिवस्वरूपांची उपासना करणाऱ्या गोमंतकीय कुळाव्यांना भस्माचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. बृहज्जाबालोपनिषदात भस्माला विभूती, भसित, भस्म, क्षार आणि रक्षा अशी पाच नावे दिलेली आहेत. ऐश्वर्य देते ती विभूती आणि भयापासून रक्षण करते ती रक्षा, असा त्या नावांचा आशय आहे. राखेसारख्या टाकाऊ वस्तूला ऐश्वर्याचे नाव देणारी ही परंपरा गेल्या शतकात ज्या सत्पुरुषाच्या हातून घरोघरी पोहोचली, ते शिर्डीचे श्री साईबाबा होत. त्यांचे चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु त्यांनी दिलेल्या उदीच्या अनुषंगाने ते पाहिले असता त्यातील एक मर्म विशेष स्पष्ट होते.

शिर्डी हे त्या काळी अहमदनगर जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्यातील एक लहानसे शेतकरी खेडे होते. गोदावरी तेथून काही कोसांवर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावी निंबाच्या झाडाखाली बसलेला एक तरुण फकीर लोकांच्या दृष्टीस पडला. तो कोणाचा कोण, कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हे त्याने कधी सांगितले नाही. मध्यंतरी तो दिसेनासा झाला, आणि पुढे निजामाच्या मुलुखातील धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या घरच्या लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर पुनः शिर्डीस आला. वऱ्हाड खंडोबाच्या देवळाजवळ उतरले असता तेथील पुजारी म्हाळसापती यांनी त्याला साई या नावाने संबोधिले, आणि तेच नाव कायम झाले. म्हाळसापती जातीने सोनार, स्थितीने दरिद्री, परंतु वृत्तीने पराकाष्ठेचे निःस्पृह. १८८६ साली बाबा तीन दिवस निश्चेष्ट पडले असता त्यांचे मस्तक मांडीवर घेऊन अहोरात्र बसून राहिले ते हेच.

गावातील एक मोडकळीस आलेली मशीद हे बाबांचे निवासस्थान झाले. तिला ते द्वारकामाई म्हणत. मशिदीत त्यांनी धुनी पेटविली आणि ती रात्रंदिवस तेवत ठेविली. मशीद, तीत अग्नी, समोर तुळशी-वृंदावन, दर्शनाला हिंदू आणि मुसलमान दोघेही, अशी ती जागा होती. ज्यांना एका बाजूचा आचारच शुद्ध वाटे, ते प्रारंभी तेथे जावयास कचरत. बाबांनी कोणालाही समजावण्याचा खटाटोप केला नाही. ते ठराविक पाच घरी भिक्षा मागत. आलेल्या अन्नात सारे पदार्थ एकत्र होत. त्यातून कुत्री-मांजरे, कावळे आणि झाडलोट करणारी बाई, जो येईल तो आपला वाटा घेई. गावातील बायजाबाईंनी तर प्रारंभीच्या काळात डोक्यावर टोपली घेऊन रानोमाळ हिंडून या फकिराला जेवू घातले. त्यांचे चिरंजीव तात्या कोते पाटील यांच्यावर बाबांनी जन्मभर भाच्याप्रमाणे माया केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बाबांनी प्रथम राख दिली नाही. प्रथम औषधे दिली. सुरुवातीच्या काळात ते गावातील आजाऱ्यांना स्वतः पाहत आणि मोबदला न घेता औषध देत. हकीम म्हणून त्यांचा लौकिक पंचक्रोशीत पसरला होता. एका मनुष्याचे डोळे सुजून लाल झाले असता बाबांनी बिब्बा कुटून त्याच्या गोळ्या डोळ्यांवर बांधिल्या आणि दुसऱ्या दिवशी डोळे स्वच्छ झाले, अशी हकीकत चरित्रग्रंथात आहे. बिब्बा किती दाहक असतो हे जाणणाऱ्याने हा प्रयोग करण्याचे मनातही आणू नये. हकिकतीचे महत्त्व एवढेच की रुग्णसेवा हा बाबांचा उदीच्याही आधीचा धर्म होता. पुढे औषध देणे मागे पडले आणि धुनीतील राख तेवढी राहिली. ती घेणाऱ्यांनी मात्र तिच्यामागील हकीम विसरू नये.

कीर्ती वाढू लागली तशी मुंबई, पुणे, नाशिक, वऱ्हाड येथून सुशिक्षित मंडळी शिर्डीस येऊ लागली. अहमदनगरला कलेक्टरच्या कचेरीत चिटणीस असलेले आणि पुढे मामलेदार झालेले नारायण गोविंद उर्फ नानासाहेब चांदोरकर, सॉलिसिटर हरि सीताराम उर्फ काकासाहेब दीक्षित, अमरावतीचे पुढारी गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे, अशी कितीतरी नावे सांगता येतील. पोलिसातील नोकरी सोडून कीर्तनकार झालेल्या दासगणू महाराजांनी बाबांचे नाव गावोगाव नेले. या काळात बाबा येणाऱ्यांकडून दक्षिणा मागून घेऊ लागले. दिवसभरात शेकडो रुपये जमत आणि सायंकाळपर्यंत ते गरजूंत वाटले जात. दुसऱ्या दिवशी सकाळी फकीर पुनः फकीरच. या पैशांपैकी मोठा भाग धुनीसाठी लाकडे विकत घेण्यात खर्च होई. मोळ्या येत, त्यांची रास लागे, ती लाकडे धुनीत जळत आणि त्यांची राख होई. शिर्डीहून निघताना निरोप घेणाऱ्याच्या कपाळाला बाबा स्वतःच्या अंगठ्याने हीच राख लावीत आणि थोडी त्याच्या मुठीत घालीत. हीच उदी.

या व्यवहाराचा क्रम ध्यानात घेतला की उदीचा अर्थ उलगडतो. भक्ताने प्रिय मानलेला पैसा दक्षिणेच्या रूपाने सुटे. तो लाकडांत जाई, लाकडे अग्नीत जात, आणि शेवटी जी राख उरे ती त्याच भक्ताच्या हाती परत येई. दक्षिणेने वैराग्य शिकावे आणि उदीने विवेक शिकावा, असे तिचे विवरण श्री साईसच्चरिताच्या तेहतिसाव्या अध्यायात केलेले आहे. हा पंचमहाभूतांचा देह एक दिवस लाकडासारखा पडणार आणि त्याची राख होणार, याचे स्मरण प्रत्येक पुडीत बांधून दिलेले होते. आरोग्यासाठी दिलेल्या वस्तूतच मरणाचे स्मरण ठेवणे हे बाबांच्या आशीर्वादाचे वैशिष्ट्य होय. जगण्याची आशा आणि देहाच्या नाशवंतपणाची जाणीव, या दोन्ही गोष्टी त्यांनी एका चिमटीत दिल्या.

तो काळही तसाच कठीण होता. १८९६ साली मुंबईत प्लेगने प्रवेश केला आणि पुढील अनेक वर्षे तो इलाख्यात ठाण मांडून होता. पटकीच्या साथी तर नित्याच्याच. खेड्यात डॉक्टर नाही आणि शहरात डॉक्टर असूनही प्लेगवर हमखास गुणकारी औषध नाही, अशा अवस्थेत घरातील माणूस अंथरुणाला खिळले की कुटुंबाचा धीर सुटे. अशा घरांत शिर्डीची उदी पोहोचली. तिच्या कथांपैकी जामनेरची कथा प्रसिद्ध आहे. नानासाहेब चांदोरकर खानदेशात जामनेर येथे मामलेदार असताना त्यांची कन्या मैनाताई प्रसूतीच्या वेदनांनी अत्यवस्थ झाली. त्याच सुमारास रामगीर नावाचे एक गोसावी शिर्डीहून आपल्या गावी खानदेशात जावयास निघाले होते. बाबांनी त्यांना वाटेत जामनेरला उतरून उदी आणि आरतीचा कागद नानांना देण्यास सांगितले. गोसाव्यांजवळ अवघे २ रुपये. जळगावपर्यंतच्या भाड्यानंतर हाती दोन आणे उरले. मध्यरात्र उलटून गेल्यावर ते जळगावला उतरले, तो नानांच्या नावाने एक टांगा आणि शिपाई त्यांना शोधीत आला. पहाटे ते जामनेरला पोहोचले. उदी पाण्यात कालवून मैनाताईंना पाजण्यात आली आणि थोड्याच अवधीत त्यांची सुखरूप सुटका झाली. नंतर आभार मानण्याच्या ओघात असे निष्पन्न झाले की नानासाहेबांनी टांगा पाठविलाच नव्हता. या कथेची संगती ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावी. बाप हतबल होऊन देव्हाऱ्यासमोर बसला असता कोणीतरी रात्रीचा प्रवास करून त्याच्या दारी येतो, एवढी गोष्टही थोडी नाही.

याहून बोधप्रद आहेत त्या उदी नसतानाच्या कथा. वांद्र्याच्या एका गृहस्थाची मुलगी प्लेगच्या गाठीने आजारी पडली. त्याने नानासाहेबांकडे उदीसाठी माणूस धाडला. तो माणूस त्यांना ठाणे स्थानकावर भेटला, त्या वेळी नानांजवळ उदी नव्हती. त्यांनी रस्त्यावरची धूळ उचलली, बाबांचे स्मरण केले आणि जवळ उभ्या असलेल्या आपल्या पत्नीच्या कपाळाला ती लावली. तिकडे मुलीला उतार पडू लागला, असे चरित्रकार सांगतात. नाशिकच्या नारायण जानी यांच्या मित्राला विंचू चावला तेव्हाही घरात उदी सापडली नाही. बाबांच्या तसबिरीपुढील उदबत्तीची राख लावून वेदना शमली. म्हणजे गुण राखेच्या कणात असता तर धुळीने आणि उदबत्तीने काय साधले असते? वस्तू निमित्तमात्र होती. तिच्याआडून शरण जाणारे मन आणि कोणी तरी आपली काळजी वाहतो हा विश्वास, हीच तिची शक्ती होती.

ही काळजी बाबा कशी वाहत, याची साक्ष धुनीनेच दिलेली आहे. १९१० साली दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दिवशी, बाबा धुनीजवळ बसून लाकडे घालीत होते. एकाएकी त्यांनी लाकडांऐवजी आपला हातच अग्नीत घातला. माधवराव देशपांडे धावले आणि त्यांनी त्यांना मागे ओढले, परंतु तोवर हात भाजला होता. दूरच्या गावी एका लोहाराच्या बायकोच्या कडेवरील मूल भट्टीत पडले असता आपण त्याला वाचविले, असा उलगडा बाबांनी केला. वार्ता कळताच चांदोरकर मुंबईहून डॉक्टर परमानंद यांना मलमे, पट्ट्या घेऊन शिर्डीस घेऊन आले. बाबांनी हात पाहू दिला नाही. भागोजी शिंदे नावाचा महारोगी भक्त नित्य येई, भाजलेल्या जागी तूप चोळी, वर पान ठेवी आणि घट्ट पट्टी बांधी. जखम भरून आल्यावरही ही सेवा बाबांच्या अखेरपर्यंत चालू राहिली. ज्या काळी महारोग्याची सावली लोक टाळीत, त्या काळी शेकडो लोक ज्या हातून उदी घेण्यासाठी दाटी करीत तो हात रोज सकाळी एका महारोग्याच्या हाती दिला जाई. उदीचा याहून थोर महिमा कोणता सांगावा? खापर्डे यांच्या धाकट्या मुलाला शिर्डीत प्लेगचा ताप आला, तेव्हा घाबरलेल्या मातेला बाबांनी धीर दिला आणि आपल्या अंगावर उठलेल्या गाठी दाखविल्या, अशीही कथा आहे. परदुःख आपल्या अंगावर घेणे हे त्यांच्या देण्याचे मूल्य होते; उदी फुकट मिळत असे, पण ती स्वस्त नव्हती.

तथापि उदी घेतली म्हणून मरण टळते, असे बाबांनी कोणाला शिकविले नाही. विरमगावकडील मेघा नावाचा गुजराती ब्राह्मण प्रथम मशिदीत राहणाऱ्या फकिरापुढे वाकावयास तयार नव्हता. पुढे तोच बाबांना प्रत्यक्ष शंकर मानून बिल्वपत्रांनी त्यांची पूजा करू लागला. एका मकरसंक्रांतीला पायी जाऊन त्याने गोदावरीचे पाणी आणिले आणि बाबांना अभिषेक केला. तो १९१२ च्या जानेवारीत शिर्डीतच मृत्यू पावला. ज्याला उदीची कधी वाण नव्हती असा हा निकटचा सेवक. बाबांनी त्याच्या देहावर हात फिरविला, शोक केला, आणि गावकऱ्यांबरोबर ते स्मशानयात्रेला गेले. ज्या घरात अंगारा लावूनही माणूस गेले, त्या घराने आपली श्रद्धा उणी पडली असे मानून स्वतःला दोष देऊ नये, हे मेघाच्या मरणावरून शिकावे. आशीर्वाद तेथेही होता. जो राखेने रोग हरण करी तोच तेथे रडत उभा होता.

या चरित्राचे लेखक गोविंद रघुनाथ दाभोळकर हेही अशाच एका प्रसंगाने लिहिते झाले. ते वांद्र्याला मॅजिस्ट्रेट होते. १९१० च्या सुमारास एका सकाळी त्यांनी बाबांना मशिदीत जात्यावर गहू दळताना पाहिले. चार बायका पुढे सरसावल्या, त्यांनी दळण पुरे केले आणि पीठ आपसात वाटून घेण्याचा बेत केला. बाबांनी त्यांना खडसावून ते पीठ गावच्या शिवेवर टाकावयास लाविले. गावात पटकीची साथ पसरू लागली होती. त्यानंतर ती ओसरली. फकिराच्या घरी जाते का, पीठ शिवेवर का, या कुतूहलातून ओवीबद्ध श्री साईसच्चरित जन्मास आले. दाभोळकर १९२९ साली निवर्तले. अखेरचा अवतरणिकेचा अध्याय बाळासाहेब देव यांनी पुरा केला. याच ग्रंथाच्या छत्तिसाव्या अध्यायात दोघा गोमंतकीय गृहस्थांची कथा आहे. त्यांपैकी एकाची ३० हजार रुपयांची ठेव त्याच्या जुन्या ब्राह्मण आचाऱ्याने लांबविली होती. एका फकिराच्या सांगण्यावरून त्याने साईदर्शन होईपर्यंत भात वर्ज्य केला. गोमंतकीयाने भात सोडणे म्हणजे काय, हे येथील वाचकांस समजाविण्याची आवश्यकता नाही. पुढे आचारी पश्चात्ताप पावून रक्कम घेऊन परत आला आणि तो गृहस्थ आगबोटीने मुंबईस जाऊन शिर्डीस पोहोचला. तेव्हापासून गोमंतक आणि शिर्डी यांचा संबंध जुळलेला आहे.

१९१८ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस बाबांना ताप आला. त्यापूर्वी त्यांच्या जन्मभराच्या सोबतीची वीट झाडलोट करणाऱ्या एका मुलाच्या हातून पडून भंगली, आणि त्यांनी ते आपल्या प्रयाणाचे चिन्ह मानिले. तात्या कोते पाटीलही त्याच वेळी गंभीर आजारी होते. तात्या बरे झाले आणि बाबा गेले. त्यांनी तात्यांसाठी आपला प्राण दिला, असे शिर्डीकर मानीत आले. ताप ओसरल्यावरही देह क्षीण होत गेला. अनेकांचे ज्वर उदीने उतरविणाऱ्या या महात्म्याने स्वतःसाठी धुनीकडे काही मागितले नाही. शके १८४० च्या विजयादशमीस, मंगळवार दि. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दुपारी त्यांनी नित्य भाकरी आणून देणाऱ्या लक्ष्मीबाई शिंदे यांना नऊ नाणी दिली, जवळच्या मंडळींना जेवावयास धाडले आणि बयाजी कोते यांच्या अंगावर मान टाकिली. देह कोठे ठेवावा याविषयी हिंदू आणि मुसलमान भक्तांत मोठी चर्चा झाली. अखेर नागपूरच्या बापूसाहेब बुट्टी यांनी बांधिलेल्या वाड्यात त्यांना समाधी देण्यात आली. बुट्टींचा मानस तेथे मुरलीधराचे मंदिर करण्याचा होता; ते साईनाथांचे समाधिमंदिर झाले.

१९२२ साली न्यायालयाच्या संमतीने संस्थानची व्यवस्था ठरली. २०१८ साली समाधीला १०० वर्षे पूर्ण झाली. द्वारकामाईतील धुनी आजही तेवत आहे आणि तिची उदी आजही विनामूल्य दिली जाते. त्याच शिर्डीत संस्थानाने रुग्णालये उभारली असून तेथे सहस्रावधी रुग्णांवर उपचार होतात. धुनी आणि रुग्णालय एकाच नावाने चालतात, यात कसलाही विरोध नाही. ज्याने प्रथम औषध दिले आणि मग उदी दिली, त्याच्या गावी असेच असावयास हवे.

आपापल्या कुलदैवताच्या पायाशी उभे राहून अंगारा घेताना महाजन मंडळींनी या फकिराचे स्मरण ठेवावे. आजाऱ्याला वैद्याकडे न्यावे, रात्री त्याच्या उशाशी जागावे, आणि देवाचे नाव घेऊन त्याच्या कपाळाला अंगारा लावावा. तिन्ही एकाच सेवेची अंगे आहेत. हातावरील चिमूटभर राख आपल्या देहाची अखेरही दाखविते आणि तोवर दुसऱ्याच्या उपयोगी पडावे ही वाटही दाखविते. श्रीकृपेने ती वाट सर्वांना सुचो, हीच श्रीचरणी प्रार्थना.